शेजारी आहे, पण दिसत नाही!

शुक्रवारी रात्री पुण्याहून निघायचं, परळी नाहीतर गंगाखेडला उतरायचं आणि मिळेल ती गाडी पकडून सोनपेठ गाठायचं. दिवाळीचा हा कार्यक्रम ठरलेलाच. पण सॅकमध्ये लॅपटॉप दिसला रे दिसला की घरचे कामाला लावतात!

समजा, घराच्या पुढच्या बाजूला बाबांचं कृषी सेवा केंद्र आहे. काउंटरवर जुना डेस्कटॉप. त्यात टॅलीचा हिशोब, उधारीची यादी आणि आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो. दुसरी कॉपी? कुठेच नाही. हार्डडिस्कने राम म्हटला तर सगळंच गेलं. म्हणून तुम्ही म्हणता, नेटवर्कवरून लॅपटॉपवर घेऊन टाकू. नेट झकास चालतंय, यूट्यूब पळतंय, पण 'नेटवर्क' उघडलं तर तिथे फक्त तुमचाच लॅपटॉप. "पुण्याला काय करतूस मग?" हा प्रश्न तयारच असतो.

तर बॉस, नेट चालणं वेगळं आणि शेजारचा कॉम्प्युटर दिसणं वेगळं.

पहिला संशय घ्यायचा तो घरावरच. जुन्या माळवदाच्या घरांच्या भिंती हातभर जाड. वाय-फाय पलीकडे जाईना म्हणून कुणीतरी मागच्या खोलीत दुसरा राउटर लावलेला असतो. तो आपलं वेगळंच बिऱ्हाड थाटतो! दोन्ही मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' मारा. एकीकडे पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होतो आणि दुसरीकडे १९२.१६८.० ने? बहुतेक चोर सापडला. दुसरा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर टाका. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या मशीनला राउटरने पत्ता दिलेलाच नाही. आधी केबल बघा. आणि लॅपटॉप 'गेस्ट' वाय-फायवर असेल तर विषयच संपला. पाहुण्याला आतल्या खोल्या दाखवायच्या नाहीत, हेच त्याचं काम.

दुसरा संशय विंडोजवर. कॅफेत कॉफी पिताना नेटवर्क 'पब्लिक' ठेवलेलं उत्तम, कारण तेव्हा लॅपटॉप स्वतःला लपवतो. घरी मात्र ते 'प्रायव्हेट' हवं आणि 'नेटवर्क डिस्कव्हरी' व 'फाइल शेअरिंग' चालू हवं. दोन्हीकडे, बरं का! तरीही दिसेना तर डेस्कटॉपच्या सर्व्हिसेसमध्ये 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' चालू करा. 'मी इथे आहे' अशी दवंडी पिटणारी सर्व्हिस हीच. वैतागून अख्खी फायरवॉल बंद करू नका.

डेस्कटॉपवर अजून एक्सपी असेल तर गोष्ट जरा इतिहासात जाते. एक्सपीला फाइल शेअरिंगची एसएमबी-१ ही एकच जुनी भाषा येते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय याच भाषेतल्या फटीतून जगभर शिरला. २७ जून २०१७ ला नॉटपेट्यानेही तीच फट वापरली. त्यात मर्स्क समूह सापडला आणि आपल्या न्हावा-शेव्यातल्या त्यांच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये एसएमबी-१ मुळात येईनासं झालं, आणि २०१८ मध्ये 'होमग्रुप'ही गेला. एसएमबी-१ परत चालू करा, असा सल्ला देणारे मित्र भेटतील. ऐकू नका. पेनड्राइव्ह शंभर पटीने बरा.

आता खरी गंमत. दिसत नाही म्हणजे पोचता येत नाही असं नाही! फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे डेस्कटॉपचा पत्ता टाइप करा. अनेकदा दार उघडतं आणि पासवर्ड मागतं. इथे दोन खड्डे आहेत. चार आकडी पिन नेटवर्कवर चालत नाही, पूर्ण पासवर्ड लागतो. आणि बाबांच्या कॉम्प्युटरला पासवर्डच नसेल (नसतोच!) तर विंडोज रिकाम्या पासवर्डवर बाहेरून आत घेत नाही. त्यावर पासवर्डसकट एक वेगळं युजर खातं उघडा आणि लागेल तेवढाच फोल्डर शेअर करा. लाइट जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला की पत्ता बदलू शकतो, म्हणून राउटरमध्ये डेस्कटॉपसाठी तो राखून ठेवा.

लॅपटॉप ऑफिसचा असेल तर यातलं बरंचसं तुमच्या हातात नाही. व्हीपीएन लागला की घरचं नेटवर्क गायब होऊ शकतं, आणि शेअरिंग कंपनीनेच बंद केलेलं असू शकतं. आयटीवाल्यांशी भांडण नको. शिवाय दुकानाची उधारी कंपनीच्या मशीनवर हवीच कशाला? सरळ एक्स्टर्नल हार्डडिस्क लावा. कॉपी करण्याआधी काउंटरवरची टॅली तेवढी बंद करा, नाहीतर चालू डेटा अर्धवट उतरायचा.