बटण कोण दाबते?

शाळा सुटल्याची घंटा वाजली की मुले दप्तरे आवरतात. घंटा शिपाईमामांनी वाजवली, की घड्याळाला जोडलेली विजेची घंटा आपोआप वाजली, हे कोणी विचारत नाही. घंटा झाली, एवढे पुरे असते.

संगणकाच्या पडद्यावरील बटणांचेही असेच आहे. 'छापा', 'जमा करा', 'रद्द करा' अशी बटणे तुम्ही पाहिली असतील. ती खरी बटणे नसतात, बटणांची चित्रे असतात. माऊसचा बाण त्यांवर नेऊन आपण टिचकी मारतो, तेव्हा संगणकात एक घटना घडते. तिला 'क्लिक' म्हणतात. क्लिक झाल्यावर काय करायचे, ते आज्ञावलीत आधीच लिहिलेले असते. संगणकाला क्रमाने दिलेल्या आज्ञा म्हणजे आज्ञावली. १९९१ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीची व्हिज्युअल बेसिक ही भाषा आली आणि हे काम फार सोपे झाले. बटणाचे चित्र खिडकीत ठेवायचे, त्यावर दोनदा टिचकी मारायची, की त्याच्या क्लिकसाठी आज्ञा लिहिण्याची जागा समोर उघडत असे.

माणसाने माऊसला हात न लावता हे बटण दाबले जाईल का? होय, आणि त्याची गरज रोज पडते. ग्रंथालयात पुस्तकावरील काळ्या रेघांवर लाल प्रकाशाचे यंत्र धरतात. संगणकाला ते यंत्र बहुधा कळफलकासारखेच वाटते. ते पुस्तकाचा क्रमांक पाठवते आणि, तसे ठरवून दिले असेल तर, शेवटी 'एंटर' ही कळ दाबल्याचा संदेशही पाठवते. खिडकीतील एक बटण एंटरसाठी नेमून ठेवता येते. एंटर येताच आज्ञावली स्वतःच ते 'नोंद करा' बटण दाबते.

असे करण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतील फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. पहिल्या मार्गात आज्ञावली बटणालाच सांगते, "तू दाबले जा." २००२ साली आलेल्या डॉट नेटमध्ये त्यासाठी 'परफॉर्म क्लिक' ही आज्ञा आहे. जावा भाषेत 'डू क्लिक' आहे. तिची एक गंमत आहे. ती दिली की पडद्यावरचे बटण क्षणभर दाबलेले दिसते. हा क्षण ६८ मिलिसेकंदांचा असतो. एका सेकंदात १००० मिलिसेकंद असतात, म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याइतकाही तो नाही!

दुसऱ्या मार्गात बटणाला विचारतच नाहीत. बटणामागे लिहिलेले काम सरळ सुरू करतात. घंटा न वाजवता वर्गावर सूचनेची वही पाठवावी, तसे. हा मार्ग जवळचा वाटतो. पण त्यात धोका आहे.

समजा, शाळेच्या कार्यालयात फी घेण्याची आज्ञावली आहे. 'फी जमा' हे बटण एकदा दाबले की पावती छापली जाते आणि बटण फिके होते. पुढच्या विद्यार्थ्याचे नाव येईपर्यंत ते बंद राहते. आता कुणी सोयीसाठी तेच काम कळफलकावरच्या एका कळीलाही जोडले आणि ते दुसऱ्या मार्गाने जोडले. कारकुनाचे बोट त्या कळीवर दोनदा पडले, तर बटण बंद असूनही दुसरी पावती निघेल. एकाच मुलाची फी दोनदा जमा दिसेल आणि संध्याकाळी हिशेब जुळणार नाही. 'परफॉर्म क्लिक' मात्र आधी पाहते, की बटण चालू आहे का, ते पडद्यावर दिसते आहे का. नसेल तर काहीच घडत नाही. माझ्या मते सर्वांत चांगले म्हणजे "या मुलाची फी आधीच जमा आहे का?" ही तपासणी फी जमा करण्याच्या कामातच लिहावी. मग हुकूम कोठूनही येवो, फी एकदाच जमा होईल.

काही माणसांसाठी तर बटण नेहमी आज्ञावलीनेच दाबावे लागते. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांना माऊसच्या बाणाचा काय उपयोग? ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली एनव्हीडीए नावाची आज्ञावली लिहायला घेतली. ती पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवते, उर्दू आणि मराठीसुद्धा. ती विनामूल्य मिळते. ती खिडकीतील प्रत्येक बटणाचे नाव विचारून घेते आणि "जमा करा, बटण" असे बोलते. ऐकणारा कळ दाबतो आणि एनव्हीडीए त्याच्या वतीने ते बटण दाबते.

पण काही आज्ञावलींत बटणाच्या जागी नुसते रंगीत चित्र काढलेले असते. डोळस माणसाला ते बटणच वाटते. एनव्हीडीएने तेथे नाव विचारले तर उत्तर मिळत नाही. मग ऐकणारा कळ दाबत राहतो आणि संगणक गप्प राहतो.