पंचाची मुखत्यारी

मेजाभोवती जमलेली मित्रमंडळी कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर होऊन एका कल्पित भूमीत रात्र-रात्र संचार करतात, आणि त्यांच्यातलाच एक जण त्या भूमीचा निर्माता, निवेदक व न्यायाधीश अशी तिहेरी जबाबदारी वाहतो, या खेळाने फार वर्षांपासून माझ्या मनात घर केले आहे. त्यातही विशेष नवल वाटत आले ते त्या न्यायाधीशाचे. ज्याच्यापाशी सनद नाही, ज्याचा हुकूम मोडल्यास शिक्षा नाही, अशा एका मित्राचा निवाडा बाकीचे मित्र, स्वतःच्या पात्राचा मृत्यू ओढवला तरी, का मानतात? १९७४ च्या जानेवारीत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या त्या खेळाच्या तीन पुस्तिकांत याचे उत्तर शोधू गेल्यास ते पुरते हाती लागत नाही, त्यासाठी मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयापर्यंत मागे जावे लागते.

त्या ग्रंथालयातील पुस्तकाची मुळे प्रशियन युद्धखेळात आहेत, आणि त्या युद्धखेळाची पूर्वकथा सुविदित आहे. थोरल्या रायस्विट्झने १८१२ मध्ये राजापुढे मांडलेले मेजावरचे रणांगण, आणि त्याच्या पुत्राने १८२४ मध्ये सिद्ध केलेली फाशांची व हानीच्या कोष्टकांची नियमावली, यांतून लष्करी शिक्षणाची एक शाखाच उदयास आली. पुढे कोष्टकांचा व्याप असह्य झाला, तेव्हा १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने, निकाल अनुभवी पंचाच्या विवेकावर सोपवावा, असे आग्रहाने प्रतिपादन केले. नियम श्रेष्ठ की नियंता, हा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा मूळ वाद, त्याच्या जन्मापूर्वी सुमारे शंभर वर्षे असा उपस्थित झालेला होता.

तो वाद अमेरिकेत नेऊन ठेवणारा ग्रंथ म्हणजे चार्ल्स टॉटन या तोफखान्यातील लेफ्टनंटचा १८८० चा ‘स्ट्रॅटेगॉस’. हा गृहस्थ पुढे येल विद्यापीठात युद्धशास्त्र शिकवू लागला आणि बायबलमधील कालगणनेवरून युगान्ताची भाकिते करण्यात रमला; त्याचा खेळ जवळजवळ विस्मृतीत गेला. परंतु १९६० नंतरच्या दशकात डेव्हिड वेस्ली नामक तरुणाला मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात हा ग्रंथ सापडला, आणि खेळाडूने काहीही करून पाहावे, त्याचे फळ काय ते पंचाने ठरवावे, ही त्यातील कल्पना त्याने मनावर घेतली. सेंट पॉल आणि मिनिॲपोलिस या जुळ्या शहरांत नेपोलियनकालीन लढाया खेळणाऱ्या मंडळींचा तो पंच होता.

१९६९ मध्ये त्याने जो डाव मांडला, त्यात ब्राउनश्टाइन या काल्पनिक जर्मन नगरावर सैन्ये चालून येत होती. पण वेस्लीने सेनापतींखेरीज इतरांनाही नगराध्यक्ष, सावकार, विद्यापीठाचा कुलगुरू अशा स्वतंत्र भूमिका व स्वतंत्र उद्दिष्टे वाटून दिली. लढाईला तोंड लागण्यापूर्वीच भूमिकाधारी मंडळी कोपऱ्याकोपऱ्यांत खलबते करू लागली. दोघे जण पंचापुढे येऊन उभे राहिले: एकाने दुसऱ्याला द्वंद्वाचे आव्हान दिले होते, त्याचा निकाल हवा होता. अशा प्रसंगासाठी एकही नियम लिहिलेला नव्हता. वेस्लीने जागच्या जागी फासे टाकून निवाडा दिला, गोंधळ वाढत गेला, आणि आपला प्रयोग फसला अशी खूणगाठ बांधून तो घरी गेला. खेळगड्यांनी मात्र पुन्हा तसाच डाव मागितला. माझ्या मते या खेळाचा खरा जन्म त्या द्वंद्वात आहे, कारण अनपेक्षित मागणी घेऊन खेळाडू पुढे आला आणि पंचाने ती धुडकावली नाही.

वेस्ली सैन्यात रुजू झाल्यावर त्याच मंडळीतील डेव्ह आर्नेसन या इतिहासाच्या विद्यार्थ्याने १९७१ मध्ये ‘ब्लॅकमूर’ची भूमी उभारली. किल्ल्याखालच्या भुयारांतील संकटे त्याची. पात्राने एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत जिवंत जावे, अनुभवाने वाढावे, ही योजनाही त्याचीच. एका फटक्यात पात्र मरते याचा खेळगड्यांना विषाद वाटू लागला, तेव्हा पोलादी युद्धनौकांच्या खेळातील हानी मोजण्याची पद्धत त्याने माणसांना लावली. १९७२ च्या अखेरीस तो विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथे गेला आणि तेथील युद्धखेळप्रेमी गॅरी गायगॅक्सला हा खेळ दाखवून आला.

पुढील हकीकत वारंवार सांगितली गेली आहे: गायगॅक्सने आर्नेसनच्या टिपणांवरून ग्रंथ रचला, डॉन के या मित्रासमवेत कंपनी काढली, दहा डॉलर किमतीच्या हजार प्रती वर्षभरात खपल्या. हे श्रेय थोडे नव्हे. गायगॅक्सच्या लेखणीवाचून हा खेळ मिनेसोटातल्या तळघरांबाहेर पडला नसता. परंतु ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्ती निघाली, तेव्हा सर्वत्र एकसारखे नियम असावेत असा आग्रह त्याने धरला, आणि हा निराळाच खेळ आहे या सबबीवर आर्नेसनचा मानधनाचा हक्क नाकारण्यात आला. आर्नेसनने १९७९ मध्ये फिर्याद दाखल केली. १९८१ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. पैशाचा प्रश्न मिटला. कर्तृत्वाच्या प्रश्नावर न्यायनिर्णय झालाच नाही.

त्या दाव्यात वेस्ली वादी नव्हता, प्रतिवादीही नव्हता, आणि मला हीच गोष्ट सर्वांत अन्यायाची वाटते. कागदावर उतरलेल्या शब्दांचा मालक ठरवता येतो. त्यांच्या अगोदर ज्याने मित्रांना ‘करून पाहा’ अशी मोकळीक दिली, त्याच्या हक्काची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. तरीही आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याच डावात आहे. पंचाचा निवाडा प्रतिकूल असला तरी मित्र मानतात, कारण त्याच मुखत्यारीने त्यांना नियमाबाहेरचे धाडस करू दिलेले असते. जो पंच पुस्तकात नाही म्हणून खेळाडूला नकार देतो, त्याने सर्व नियम मुखोद्गत केले असले तरी हा खेळ त्याला अजून कळलेला नाही. आणि ज्याच्यापाशी एकही पुस्तक नाही, पण मित्राची अचाट कल्पना ऐकून जो विचारपूर्वक फासे हाती घेतो, त्याला तो पुरता कळला आहे.