निसर्गोपचार म्हणजे काय? तत्त्वे, पद्धती आणि मर्यादा



"औषधाशिवाय बरं होता येतं का?" हा प्रश्न तुमच्याही मनात कधीतरी आलाच असेल. १८ नोव्हेंबर हा दिवस आपल्या देशात 'निसर्गोपचार दिन' म्हणून पाळला जातो. पण निसर्गोपचार म्हणजे नेमकं काय, आणि तो कुठे थांबतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. चला तर मग, आज हेच समजून घेऊया.

मूळ विचार

निसर्गोपचाराचा पाया एका साध्या गोष्टीवर उभा आहे : शरीरात स्वतःला दुरुस्त करण्याची शक्ती असते. तुमचं गुडघ्याला खरचटतं, खपली धरते आणि काही दिवसांत नवीन कातडी येते. हे काम शरीरच करतं. आपण फक्त जखम स्वच्छ ठेवायची आणि शरीराला मदत करायची.

ही मदत पंचमहाभूतांच्या आधारे केली जाते.

१. पृथ्वी : स्वच्छ, खडे नसलेली माती चाळून भिजवतात आणि कापडात घालून तिची पट्टी पोटावर ठेवतात.
२. आप (पाणी) : टबात बेंबीपर्यंत पाणी घेऊन, पाय बाहेर ठेवून बसतात. याला कटिस्नान म्हणतात. ते जेवणानंतर लगेच करत नाहीत.
३. तेज : सकाळच्या कोवळ्या उन्हात बसणे. उन्हामुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात.
४. वायू : मोकळ्या हवेत फिरणे, दीर्घ श्वसन.
५. आकाश : आकाश म्हणजे पोकळी. पोटाला रिकामं ठेवून विश्रांती देणे, म्हणजेच उपवास.

याच्या जोडीला साधा आहार, पुरेशी झोप आणि मालिशही असते.

इतिहास आणि महाराष्ट्राशी नाते

आधुनिक निसर्गोपचार जर्मनीकडून आपल्याकडे आला. लुई कुने आणि अडॉल्फ जुस्ट यांची पुस्तके गांधीजींनी वाचली आणि त्यातले प्रयोग स्वतःवर केले. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात गांधीजी राहत असत. आज तिथे राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे. गरिबांनाही हे उपचार मिळावेत म्हणून १९४६ मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या उरुळी कांचन गावात निसर्गोपचार आश्रम सुरू केला. मणिभाई देसाई यांनी तो पुढे नेटाने चालवला.

आता महत्त्वाचा मुद्दा : मर्यादा

कुने यांचं म्हणणं होतं की सगळ्या रोगांचं कारण एकच : शरीरात साठलेली घाण. हे मात्र आज विज्ञानाला मान्य नाही. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू शोधले. हिवताप डासांमार्फत पसरणाऱ्या परजीवीमुळे होतो. मातीच्या पट्टीने हे जंतू मरत नाहीत. त्यासाठी औषधच लागतं, आणि क्षयाचं औषध तर मध्येच सोडून चालत नाही.

खुद्द गांधीजींचंच उदाहरण बघा. १९२४ च्या जानेवारीत ते येरवडा तुरुंगात होते. त्यांना अपेंडिक्सचा त्रास सुरू झाला. पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज डॉक्टरांनी रात्री त्यांची शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली, तेव्हा कंदिलाच्या उजेडात काम पुरं करावं लागलं! निसर्गोपचारावर एवढी श्रद्धा असलेल्या माणसानेही त्या वेळी शस्त्रक्रियेला संमती दिली. म्हणूनच त्यांचे प्राण वाचले.

मग आपण काय लक्षात ठेवायचं?

- साप चावला, तर थेट सरकारी दवाखाना. माती, पाला, मंत्र यात एक मिनिटही घालवू नका.
- जुलाब लागले की 'लंघन' म्हणून लहान मुलाचं पाणी तोडू नका. उलट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडं थोडं पाजा आणि डॉक्टरांना दाखवा.
- घरात कुणाला मधुमेह असेल, तर डॉक्टरांना न विचारता उपवास करू नये. गोळी किंवा इन्सुलिनही बंद करू नये.
- उघड्या जखमेवर माती लावू नये. मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात.

ज्यांना हे उपचार घ्यायचे असतील, त्यांनी बीएनवायएस पदवी असलेल्या तज्ज्ञाकडेच जावं. मोबाईलवर आलेला मेसेज म्हणजे वैद्य नव्हे!

थोडक्यात सांगायचं तर, निसर्गोपचार ही मुळात रोज नीट जगण्याची सवय आहे. ऊन, हवा, पाणी, साधं जेवण आणि झोप यांना पैसे लागत नाहीत. ही सवय आजपासून लावा. पण दुखणं अंगावर काढू नका. डॉक्टरकडे वेळेवर जाणं हासुद्धा शहाणपणाचाच भाग आहे.

उपक्रम : आठवडाभर रोज किती वेळ उन्हात खेळलात, किती पाणी प्यालात आणि किती तास झोपलात याचा तक्ता वहीत तयार करा. आजी-आजोबांना त्यांच्या लहानपणीचे घरगुती उपाय विचारा. त्यातले कोणते आज करावेत आणि कोणते करू नयेत, याची वर्गात चर्चा करा.