रायपूरहून चिलिकाकडे : पाहुण्या पक्ष्यांच्या भेटीला

रायपूरला समुद्र नाही, पण समुद्रपक्ष्यांची भेट फार दूर नाही. पुरीकडे जाणाऱ्या रेल्वेने खुर्दा रोड जंक्शनला उतरा. तिथून मोटारीने तास-सव्वा तासात तुम्ही मंगलाजोडीला पोहोचाल. ओडिशाच्या किनाऱ्यावरील चिलिका सरोवराच्या उत्तर काठाचे हे छोटेसे गाव आहे.

चिलिकात नद्यांचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी एकत्र येते. त्यामुळे मासे, वनस्पती, किडे असे भरपूर खाद्य मिळते आणि हिवाळ्यात १० लाखांच्या आसपास पक्षी इथे येतात. १९८१ मध्ये या सरोवराला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

शिकारी झाले राखणदार

पूर्वी मंगलाजोडीची ओळख वेगळी होती. जाळी लावून, विष घालून इथे पक्षी मारले जात आणि त्यांचे मांस विकले जाई. पक्षिप्रेमींनी गावकऱ्यांना समजावले आणि २००० साली 'श्री महावीर पक्षी सुरक्षा समिती' उभी राहिली. काल शिकार करणारेच पहारा देऊ लागले. पक्षी कुठे बसतो, कधी उडतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? आज गावातले नावाडी पर्यटकांना पक्षी दाखवतात आणि त्यावर घर चालवतात.

इथल्या नावांना इंजिन नसते. नावाडी बांबूने नाव ढकलतो. पाणवनस्पतींमधून जाताना तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी आणि चिखलात चोच खुपसणारे पाणटिवळे दिसतात.

'अजून थोडे जवळ' नको

फोटोच्या नादात आपण नावाड्याला म्हणतो, ''भाऊ, अजून थोडे पुढे घ्या!'' इथेच चूक होते. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी इथे खाऊन चरबी साठवतो. मार्चच्या सुमारास सुरू होणाऱ्या परतीच्या प्रवासाचे तेच इंधन. आपण त्याला वारंवार उडवले, तर ते इथेच खर्च होते. पक्ष्याने खाणे थांबवून मान उंचावली, तर तिथेच थांबा. नावाडी नको म्हणाला, तर हट्ट करू नका.

चांगल्या फोटोसाठी

* पहाटे निघा, सूर्य पाठीशी ठेवा.
* कॅमेरा पाण्याच्या पातळीजवळ आणा. पक्षी समोर बसल्यासारखा दिसतो.
* उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवा.
* फक्त मोबाइल असेल, तर एकट्या पक्ष्यापेक्षा थवा, धुके, नाव असे दृश्य टिपा.
* मातकट कपडे घाला. फ्लॅश, ड्रोन आणि पक्ष्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज टाळा.

सराव घराजवळ

चिलिकाला जाण्याआधी मुलांना घेऊन बेमेतरा जिल्ह्यातल्या गिधवा-परसदाच्या तलावांवर जा. छत्तीसगडचा पहिला पक्षी महोत्सव २०२१ मध्ये तिथेच झाला होता. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस तिथे दिसू शकतात.

मुलांच्या हाती दुर्बीण आणि वही द्या. तारीख, ठिकाण, पक्ष्यांची संख्या लिहायला सांगा. ही नोंद ई-बर्डवर टाकली, तर अभ्यासकांनाही उपयोगी पडते. आणि फोटो थोडा दुरून आला म्हणून हिरमुसू नका. पक्षी न उडता निवांत खात राहिला, तर तुमची सहल यशस्वी झाली!