तारेलाही हवी कल्हई

दिल्लीत लाल किल्ल्यासमोर लाजपतराय मार्केट आहे. तारांची वेटोळी, सोल्डरची रिळे, स्पीकरचे सुटे भाग यांनी इथली दुकाने गच्च भरलेली असतात. असेच सामान घेऊन दिल्ली आणि आसपासच्या वस्त्यांमधील अनेक बायका घरबसल्या जोडकाम करतात. कुणी चार्जर जोडते, कुणी दिव्यांच्या माळा. मजुरी नगावर मिळते, म्हणजे जितका हात चालेल तितके पैसे!

या कामाची पहिली पायरी म्हणजे तारेच्या उघड्या टोकाला सोल्डरचा पातळ थर देणे. कारागीर त्याला 'टिनिंग' म्हणतात. आपण ते वेगळ्या नावाने ओळखतो. ते नाव म्हणजे कल्हई.

कल्हईवाला भांडे तापवून आधी नवसागर टाकतो आणि मग कथील फिरवतो. नवसागराने धातूवरचा मळ सुटतो, म्हणून कथील धरते. तारेचेही तसेच आहे. हवेमुळे तांब्यावर काळपट थर चढतो. त्यावर सोल्डर पसरत नाही, गोळी होऊन घरंगळते. इथे नवसागराचे काम राळ करते. बऱ्याच सोल्डरच्या तारेच्या पोटातच ती भरलेली असते. नवसागर मात्र इथे वापरू नये, त्याने बारीक तारा गंजतात.

घाई नको, क्रम हवा

एक तार सोलायची, तिला सोल्डर लावायचे, मग दुसरी हातात घ्यायची, यात वेळ फुकट जातो. पोळ्या करताना आपण आधी कणीक मळून ठेवतो, तसेच इथे करावे. आधी सगळ्या तारा पाच-सहा मिलिमीटर सोलाव्यात. मग सगळ्यांचे तंतू पिळून घ्यावेत. सोल्डरिंग आयर्न त्यानंतरच हाती धरावे.

आयर्नचे स्वच्छ टोक तारेखाली टेकवावे आणि सोल्डर वरून तारेला लावावे. तार पुरेशी तापली की सोल्डर आपोआप आत झिरपते. एक-दोन सेकंद पुरतात. प्लॅस्टिकच्या आवरणाआधी थोडे थांबावे. सोल्डर आवरणाखाली शिरले तर तार तिथे कडक होते आणि वाकवताना तुटते.

शेकडो तारा असतील तर वितळलेल्या सोल्डरचे छोटे भांडे, म्हणजे सोल्डर पॉट, कामी येते. टोक आधी फ्लक्समध्ये आणि मग पॉटमध्ये बुडवले की काम झाले. पण त्यात पाण्याचा थेंबही पडू देऊ नये. त्याची एकदम वाफ होऊन तापलेला धातू अंगावर उडतो. डोळ्यांवर चष्मा हवाच.

हात धुतल्याशिवाय कणीक नको

नेहमीच्या सोल्डरमध्ये ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असते. कामात दिसणारा धूर मुख्यत्वे राळेचा असतो. तो दम्याला आमंत्रण देतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी. शिसे मात्र हातांवाटे पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते फार घातक असते. तेव्हा हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर नको आणि मांडीवर मूल घेऊनही नको. कामासाठी वेगळी फळी ठेवावी. काम संपल्यावर ती ओल्या फडक्याने पुसावी, साबणाने हात धुवावेत, मगच कणकेला हात लावावा.

युरोपात २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधील शिशावर बंधने आली. भारतातही २०१४ पासून तसे नियम लागू झाले. शिसेविरहित सोल्डर थोडे महाग असते आणि वितळायला जास्त उष्णता मागते. घरात लहान मूल असेल तर मात्र तेच घ्यावे.

स्क्रूखाली नको

एक चूक अनेक घरांत होते. इस्त्रीच्या किंवा हीटरच्या प्लगमध्ये स्क्रूखाली जाणाऱ्या तारेलाही हौसेने सोल्डर लावले जाते. सोल्डर मऊ असते. दाबाखाली ते हळूहळू सरकते, स्क्रू सैल पडतो आणि प्लग तापून जळू शकतो. तिथे तारेचे तंतू नुसते पिळून घट्ट आवळावेत, किंवा त्यांवर धातूची टोपी दाबून बसवावी.

कल्हई सगळ्या भांड्यांना लागत नाही, तशी ती सगळ्या तारांनाही नको. जिथे हवी तिथे मात्र आधी धातू स्वच्छ करावा, आणि काम झाल्यावर आपले हात!