क्लचचा हात, रेसचा हात

दस्तरखानावर बसल्यावर तरुण मुलगा अचानक चमचा मागू लागला, की आईने त्याचा उजवा हात उलटा करून पाहावा. बोटांच्या मुळाशी ओळीने पिवळट, टणक घट्टे दिसतील. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात एखादा फुटलेला फोडही असेल. त्या फोडाला सालनातले तिखट लागले की डोळ्यांतून पाणी येते. म्हणून चमचा. मुलगा सांगणार नाही. "काही नाही अम्मी, गाडीमुळे झालंय" एवढेच म्हणेल आणि विषय संपवेल.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात असे हात घरोघरी सापडतील. कुणी जेवणाची पार्सले पोहोचवतो, कुणी कॅम्पातल्या कारखान्यातून जीन्सचे गठ्ठे मागे बांधून नेतो, कुणी बदलापूरहून अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळीला जातो. कल्याण-बदलापूर रस्त्यावर संध्याकाळी गाडी चालवणे म्हणजे दर दहा पावलांवर क्लच दाबणे. त्यात आता नवा शौक आला आहे. सुट्टीच्या दिवशी पोरे गाड्या घेऊन कोंडेश्वरच्या किंवा बारवी धरणाच्या बाजूला जातात आणि दगडधोंड्यांच्या, चिखलाच्या वाटांवर गाडी चढवून पाहतात. (वनखात्याच्या जमिनीत गाडी घालू नये, आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला गिअरची गाडी देऊच नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे एकदा सांगून पुढे जातो.)

दगडांवरून गाडी चढवण्याच्या या प्रकाराला जगात 'ट्रायल्स' म्हणतात. हा जुना खेळ आहे. स्कॉटलंडमध्ये १९०९ साली सुरू झालेली त्याची मोठी स्पर्धा आजही भरते. यात वेगाला महत्त्व नसते. माणूस चालेल इतक्या संथ गतीने खडकांवरून, ओढ्यातून गाडी न्यायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही. एकदा पाय टेकला तर एक गुण दंड, दोनदा टेकला तर दोन, त्याहून जास्त वेळा टेकला तर तीन, आणि गाडी थांबली किंवा पडली तर पाच. ज्याचा दंड सर्वात कमी तो जिंकला. आपल्याकडे हा खेळ फारसा नाही, पण रॉयल एनफिल्डने २०१९ मध्ये 'बुलेट ट्रायल्स' नावाची गाडी बाजारात आणली होती, ती याच परंपरेची आठवण म्हणून.

या खेळाचा उल्लेख मुद्दाम केला. त्यातला खेळाडू दिवसभर क्लच आणि ब्रेकवर बोट ठेवून असतो, तरी तो हँडल घट्ट आवळत नाही. तो उभा राहून गाडी चालवतो, वजन पायांवर घेतो, गुडघ्यांनी टाकी सांभाळतो आणि क्लचला फक्त एक बोट लावतो. त्याचे हात गाडीला दिशा देतात, शरीराचा भार वाहत नाहीत. आपली पोरे नेमके उलटे करतात. खड्डा आला, भीती वाटली की दोन्ही मुठी आवळतात, कोपरे ताठ करतात आणि सगळे वजन तळहातांवर टाकतात. हाताचे निम्मे दुखणे इथे सुरू होते, आणि त्यावर मलम चालत नाही.

घट्टा म्हणजे काय, ते समजून घेऊ. एकाच जागी रोज दाब आणि घर्षण होत राहिले की कातडी तिथे जास्त पेशी तयार करते. वरचा मेलेला थर जाड होत जातो आणि आतल्या जिवंत मांसाचे रक्षण करतो. म्हणजे घट्टा हा रोग नाही. लोहाराच्या, गवंड्याच्या, धोबिणीच्या हाताला तो असतोच. फोड वेगळा. घट्टा पडायला वेळ मिळण्याआधीच जोराचे घर्षण झाले की कातडीचे थर एकमेकांवरून सरकतात, सुटतात आणि मध्ये पाणी भरते. ओलसर कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त चिकटते आणि ओढली जाते. म्हणून घामाच्या दिवसांत आणि पावसाळ्यात भिजलेल्या हातमोज्यांत फोड लवकर येतात.

आता हात पाहून काय ओळखायचे? डावा हात क्लचचा, उजवा रेसचा आणि पुढच्या ब्रेकचा. डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर घट्टे आणि मनगटापासून कोपरापर्यंत दुखणे असेल, तर आधी क्लचकडे पाहा. केबल सुकलेली असेल, आतल्या तारा गंजल्या असतील, तर दांडी दाबायला दुप्पट जोर लागतो. केबलला तेल देणे किंवा ती बदलणे हे गॅरेजमधले किरकोळ काम आहे, पण पोरे इंजिन ऑइलवर खर्च करतील आणि केबल तुटेपर्यंत तिला हात लावणार नाहीत. एक हिशेब करून पाहा. गर्दीच्या रस्त्यात किलोमीटरला दहा वेळा क्लच दाबला आणि दिवसाला शंभर किलोमीटर गाडी चालली, तर एक हजार वेळा मूठ मिटली आणि उघडली. त्या प्रत्येक वेळी थोडा जोर वाचला तर दिवसाअखेर किती वाचेल!

उजव्या हाताच्या बेचक्यात फोड आणि तळव्याच्या कडेला जळजळ असेल तर मुठीचे रबर तपासा. गुळगुळीत, कडक झालेले रबर हातात फिरते, म्हणून माणूस ते जास्त आवळतो. नवीन मऊ रबर फार महाग पडत नाही. दांड्यांचा कोनही पाहावा. गाडीवर बसून हात सरळ पुढे केले की मनगट न वाकवता बोटे दांडीवर पडली पाहिजेत. दांडी फार वर असेल तर मनगट दिवसभर मागे मुडपलेले राहते. पाना फिरवून ती थोडी खाली करायची, दोन मिनिटांचे काम.

हातमोज्यांबद्दल एक गैरसमज आहे, की जितके जाड तितके चांगले. जाड गादीच्या मोज्याने मूठ फुगते आणि ती धरायला आणखी जोर लागतो. तळव्याला पातळ मऊ चामडे, बेचक्यात शिवण नाही, आणि मूठ मिटल्यावर तळव्यात चुणी पडत नाही, असा मोजा घ्यावा. बाजारात हात घालून, मूठ मिटून पाहिल्याशिवाय घेऊ नये. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. नावाचा शिक्का कोणताही असो, आतून बोट फिरवून शिवण तपासावी. मोज्यांचा दुसरा जोड डिकीत असावा, ओला झालेला बदलता येतो.

घरच्या उपचारात जास्त न करणे महत्त्वाचे. फोड लहान असेल तर फोडू नये. मोठा असेल आणि टोचत असेल तर हात साबणाने धुवावेत, निर्जंतुक सुईने कडेला बारीक छिद्र करून पाणी काढावे, पण वरची कातडी ओढून काढू नये. तीच सर्वात चांगली पट्टी. वर थोडे व्हॅसलीन आणि स्वच्छ गॉज. टूथपेस्ट, चुना, हळद-तेलाचा लेप उघड्या जखमेवर नको. मेंदीही नको. मेंदीने हाताला थंड वाटते हे खरे, पण बाजारातल्या काळ्या मेंदीत मिसळलेल्या रसायनाने कातडी भाजल्यासारखी होते, आणि फुटलेल्या कातडीवर तर हा त्रास अधिक.

घट्टा पूर्ण काढायचा नसतो, फक्त सपाट ठेवायचा असतो. उंच आलेली कड मुठीत अडकते आणि मुळासकट फाटते, मग आठवडा जातो. दहा मिनिटे हात कोमट पाण्यात ठेवावे, टाच घासायची वज्री हलक्या हाताने फिरवावी, पुसून खोबरेल तेल किंवा युरिया असलेले क्रीम लावावे. ब्लेडने घट्टे कापण्याची सवय पुष्कळांना आहे, ती बंद करावी. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी कुरुपाच्या औषधी पट्ट्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नयेत. त्यातले आम्ल चांगली कातडीही जाळते आणि अशा हाताची जखम लवकर भरत नाही. आणखी एक, हाताचे ग्रीस काढायला पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नये. त्याने कातडीचे नैसर्गिक तेल निघून जाते आणि घट्ट्याला भेगा पडतात.

वुजूबद्दल मुले विचारतात. घट्टा ही कातडीच आहे, त्यावरून पाणी गेले की झाले. जखमेवर पट्टी असेल आणि पाणी लागल्याने इजा वाढणार असेल तर पट्टीवर ओला हात फिरवून मसह करण्याची सवलत आहे. मात्र केवळ चालवताना घासू नये म्हणून लावलेली चिकटपट्टी वुजूआधी काढावी. भेग बुजवायला फेविक्विक लावण्याची शक्कल काही पोरे सांगतात. ती औषध नाही, आणि तिचा पाणी न शिरू देणारा थर वुजूच्या दृष्टीनेही अडचणीचा. शंका असेल तर मशिदीतल्या इमामसाहेबांना हात दाखवून विचारावे. वैद्यकीय अंगाने सांगायचे तर एवढेच, की वुजूनंतर बोटांच्या बेचक्या नीट पुसल्याशिवाय हातमोजे चढवू नयेत, आणि तेल-क्रीम इशाच्या नमाजनंतर लावावे, म्हणजे ते रात्रभर टिकते.

इथवर कातडीचे झाले. कातडी भरून येते. खरी काळजी आत असते, आणि ती दिसत नाही.

गाडीची थरथर मुठीतून हातात जाते. रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरे वाटते. सुरुवातीला माणूस हसून सोडून देतो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होत असेल तर मनगटातून जाणारी नस दबते आहे. करंगळी आणि अनामिकेची दुसरी बाजू बधिर होत असेल तर तळव्याच्या बाहेरच्या कडेवर दाब पडतो आहे. हँडलवर भार टाकणाऱ्या सायकलस्वारांनाही हे होते. सकाळी एखादे बोट मिटलेले अडकते आणि खटकन उघडते, ते वेगळे दुखणे, स्नायूच्या दोरीचे. आणि थंडीत बोटे पांढरीफटक पडत असतील, तर रक्तवाहिन्यांवर परिणाम झाला आहे.

पांढऱ्या बोटांची ही गोष्ट जुनी आहे. अमेरिकेतल्या डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये इंडियाना राज्यातल्या चुनखडीच्या खाणीत हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्यांनी दगड घडवणाऱ्या कामगारांचे हात तपासले आणि हे दुखणे थरथरीमुळे होते असे दाखवले. जपानमध्ये १९९० च्या दशकात मोटारसायकलवरून गस्त घालणाऱ्या वाहतूक पोलिसांच्या हातांची पाहणी झाली, तेव्हा बोटे बधिर होणे, आखडणे, खांदे दुखणे अशा तक्रारी पुढे आल्या. युरोपीय संघाने २००२ च्या कायद्यात हातावरच्या थरथरीला आठ तासांच्या कामासाठी मर्यादाच घातली. अडीच मीटर प्रति सेकंद वर्ग या मापाला मालकाने उपाय सुरू करायचे, आणि पाचच्या वर कामगाराला जाऊ द्यायचे नाही. आपल्या पार्सलवाल्या मुलाच्या हाताची थरथर मोजायला कुणी येत नाही. ती त्यानेच ओळखायची आहे.

आणि तो ओळखूनही सांगत नाही, कारण एक दिवस गाडी उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई गेली. घरात अब्बांची गोळ्या-औषधे, बहिणीची फी, गाडीचा हप्ता. म्हणून तो बधिर हातानेच ब्रेक दाबत राहतो. नस दीर्घकाळ दबलेली राहिली तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग सुकत जातो, बटण लावता येत नाही, हातातून पेला निसटतो. तिथवर गेलेला हात पूर्ण परत येईल याची खात्री डॉक्टरही देत नाहीत. त्याआधी मात्र पुष्कळ काही करता येते. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी, काही आठवडे काम कमी, दर तासाला गाडी थांबवून हात मोकळे करणे, पुढच्या चाकाची हवा आणि शॉकअप तपासणे. बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरज पडत नाही.

दोन आठवडे मुंग्या थांबल्या नाहीत तर हाडांच्या किंवा नसांच्या डॉक्टरांकडे जावे. उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये सरकारी मध्यवर्ती रुग्णालय आहे, तिथून सुरुवात करता येते. आणि भेगेभोवती लाली, ऊब, पू दिसला, किंवा हातावर वर चढणारी लाल रेघ आणि ताप असेल, तर दोन दिवसही थांबू नये, त्याच दिवशी दाखवावे. गंजक्या दांडीने हात फाटला असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले ते सांगावे. डॉक्टरांकडे जाताना एका चिठ्ठीवर लिहून न्यावे: कोणता हात, कोणती बोटे, त्रास रात्री होतो की गाडीवर, दिवसाला किती तास गाडी, कोणती गाडी. "हात दुखतो" एवढ्यावर डॉक्टर वेदनाशामक गोळी लिहून देतील, आणि तिने दुखणे दबून पोरगा दुसऱ्या दिवशी तितकीच मूठ आवळेल.