बार्बेरा, मिथेनॉल आणि डोळे

मार्च १९८६. उत्तर इटलीत स्वस्त वाइन पिऊन लोक आजारी पडू लागले. पोटदुखी, उलट्या आणि मग डोळ्यांपुढे धुकं. वीसहून अधिक माणसं दगावली, कित्येकांची दृष्टी कायमची गेली. तपासाचा माग पिएमोन्ते प्रांतात पोहोचला. तिथल्या काही व्यापाऱ्यांनी हलक्या वाइनची मद्यटक्केवारी वाढवण्यासाठी तिच्यात मिथेनॉल मिसळलं होतं. त्यावरचा कर नुकताच हटल्याने ते कमालीचं स्वस्त झालं होतं.

यात नाव खराब झालं बार्बेराचं. हे पिएमोन्तेतलं काळं, आंबटसर द्राक्ष. त्याची वाइन शेतकऱ्या-कामगारांच्या रोजच्या जेवणातली. आस्तीच्या टेकड्यांवरच्या ‘बार्बेरा दास्ती’ला १९७० पासून डीओसी, म्हणजे ठरावीक प्रदेश आणि नियमांचा दर्जा होता. विषारी माल होता तो मुख्यतः साध्या टेबल वाइनचा, पण गिऱ्हाईक एवढा फरक कुठे करतं? इटलीची वाइन निर्यात कोसळली.

थोडं मिथेनॉल प्रत्येक वाइनमध्ये असतंच. द्राक्षाच्या सालीतल्या पेक्टिनपासून ते तयार होतं, म्हणून सालीसकट आंबवलेल्या लाल वाइनमध्ये जास्त. लाल वाइनसाठी मान्य मर्यादा लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे. तेवढ्याने अपाय होत नाही. घात होतो तो वरून ओतलेल्या मिथेनॉलने. यकृत त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करतं. हे आम्ल पेशींचा श्वासच कोंडतं आणि दृष्टीच्या मज्जातंतूला त्याचा फटका फार लवकर बसतो.

गंमत म्हणा किंवा क्रौर्य, या विषाचा उतारा त्याच बाटलीत असतो. यकृतातलं विकर मिथेनॉलपेक्षा साध्या इथेनॉलला आधी धरतं. वाइनमध्ये इथेनॉल आहे तोवर विष दबून राहतं. ते ओसरलं की आम्ल साचू लागतं. म्हणून त्रास बारा-चोवीस तासांनी, कधी त्याहून उशिरा सुरू होतो आणि रोगी ‘उतरली नाही अजून’ म्हणून झोपून राहतो. रुग्णालयात याच तत्त्वावर इथेनॉल किंवा फोमेपिझोल देतात, सोबत सोडा बायकार्ब आणि गरजेनुसार डायलिसिस. घरी दारू पाजणे हा मात्र उपचार नव्हे.

त्या धक्क्यानंतर इटलीत तपासणी कडक झाली. आस्तीत कमी पण चांगली वाइन करण्याकडे कल वाढला. २००८ मध्ये बार्बेरा दास्तीला डीओसीजी हा सर्वोच्च दर्जा मिळाला. तिच्यातली ‘सुपेरिओरे’ किमान १४ महिने मुरवावी लागते, त्यातले सहा लाकडी पिंपात.

मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये शंभरहून अधिक लोक गेले, तेही मिथेनॉलनेच. तिथे ना द्राक्ष होतं, ना लेबल. पिण्याच्या दुसऱ्या दिवशी धाप लागली, नजर धूसर झाली किंवा सगळीकडे बर्फासारखं पांढरं दिसू लागलं, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं आणि काय प्यायलो ते न लपवता सांगावं.